जेवायला थांबणारी मंडळी

आजचा शास्त्रभाग : 1 करिंथ 11:17–34



‘देवावर विश्वास आहे, पण चर्चला कशाला जायचं? चांगले संदेश तर मोबाइलवर मिळतात.’ तरुण संघात हा प्रश्न हमखास येतो. आणि आपण लगेच इब्री 10:25 काढतो. वचन खरंच आहे, पण कुणाला गप्प करायला ते वापरू नये असं मला वाटतं.

पौल तर याहून कडक बोलतो. इ.स. 55च्या सुमारास इफिसहून करिंथच्या मंडळीला लिहिताना त्याची भाषा जवळजवळ अशी आहे, की यापेक्षा तुम्ही न जमलेलं बरं. (आपले पाळकसाहेब पुलपिटवरून असं बोलले तर केवढा गहजब होईल!)

झालं काय होतं? तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या. मंडळी कुणाच्या तरी घरी जमायची आणि प्रभुभोजन खऱ्या जेवणासोबतच व्हायचं. ज्यांच्याकडे होतं, ते आपलं आपलं आधीच खाऊन घ्यायचे. काही उपाशी, काहींना चढलेली. गटबाजी होतीच, ती वेगळी. या मंडळीत गुलामही होते. त्यांचा वेळ त्यांच्या हातात कुठला? उशिरा पोहोचणारे तेच असणार, हा अभ्यासकांचा तर्क मला पटतो.

आता गंमत बघा. एवढं रागावूनही पौल जमणं बंद करायला सांगत नाही. तो थांबायला सांगतो. दुसरा येईपर्यंत थांबा; फारच भूक असेल तर घरी खाऊन या.

चर्च कशासाठी, याचं उत्तर मला इथे सापडतं. संदेश मीही मोबाइलवर ऐकतो, दीडपट वेगाने, आणि ते सोडणार नाही, शिकायला मिळतं. पण दीडपट वेगाने कुणासाठी थांबता येत नाही. मागच्या बाकावरचे आजोबा तीच साक्ष तिसऱ्यांदा देतात, तेव्हा पुढे ढकलायचं बटण नसतं. त्यांच्या वेगाने बसावं लागतं. प्रीतीची आज्ञा हेडफोन लावून पाळायची कशी? समोर कोणीतरी हवं, तेही आपण न निवडलेलं.

मराठी बायबलने ‘एक्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला, तो मला फार आवडतो. ग्रीक शब्दाचा अर्थ जमलेली सभा, इमारत नव्हे. आणि आपल्याकडे ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ अशी हाक येते, तेव्हा सगळे बसल्याशिवाय कुणी घास उचलत नाही.

म्हणूनच हा शास्त्रभाग न येणाऱ्यांपेक्षा येणाऱ्यांनाच जास्त टोचतो. हॉस्पिटलमधल्या सिस्टरची रविवारची ड्यूटी, सिक्युरिटीवाल्याची बारा तासांची पाळी, डिलिव्हरी करणारा पोरगा. रविवारची सकाळ यांची नाहीच. आणि आपण म्हणतो, ‘हल्ली दिसत नाही चर्चमध्ये.’ उपासनेची वेळ कुणाच्या सोयीने ठरली आहे? तरुण संघाची एखादी सभा बुधवारी रात्री साडेनऊला ठेवली तर यांच्यापैकी कोण येऊ शकेल, हे त्यांना फोन करून विचारा. आणि ते पोहोचेपर्यंत चहा ओतू नका.