उरलेला पैसा कोणाचा?

रिसोड तालुक्यातलं एक गाव. दिवाळी होऊन गेली आहे, सोयाबीन विकलं गेलं आहे, तूर अजून वावरात उभी आहे. वाशिम जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात रोख पैसा दिसतो तो याच दिवसांत, आणि सोयरिकीची बोलणीही याच दिवसांत सुरू होतात. बोलणारी माणसं दोन. भाचा वाशिमला नोकरीला आहे. हातात बेचाळीस हजार पगार येतो, त्यातले वीस हजार तो काहीही झालं तरी बाजूला टाकतो. आत्या सहा एकरांची कास्तकारीण, नवऱ्यामागं शेती तीच बघते, गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. भाच्याच्या चुलतभावानं बहिणीच्या लग्नासाठी त्याच्याकडं एक लाख रुपये मागितले आहेत. नवरी मुलगी आत्याचीही भाचीच. ही माणसं कल्पित आहेत. पण अशी आत्या आणि असा भाचा जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत भेटतील.

भाचा : आत्या, माझं म्हणणं सरळ आहे. मिळतं त्यापेक्षा कमी खर्च करायचा. हा नियम मी पाळला म्हणून माझ्याकडं चार पैसे उरले. त्यानं पाळला नाही. मग त्याच्या मंडपाचं बिल मी का भरायचं?

आत्या : त्याले मिळते किती, हे तुले ठाऊक आहे?

भाचा : सहा एकर आहे. तुझ्याइतकंच.

आत्या : ते वावर झालं. मिळते किती? पेरलं तेव्हा त्याले ठाऊक नव्हतं. खत उधारीवर आणलं तेव्हा नाई. सोंगणीले मजूर लावले तेव्हाबी नाई. अडत्याच्या काट्यावर माल चढला तेव्हा समजलं. तुह्या पगाराले तारीख आहे अन् आकडा आहे. मिळते त्याच्यापेक्षा कमी खर्च कर म्हणतं. पण खर्च जूनपासून चालू होते अन् मिळकत दिवाळीले समजते. मधात त्यानं कशाले कमी म्हणावं?

भाचा : सरासरी तर कळते ना? चांगल्या सालात राखायचं, वाईट सालात काढायचं. 2021 ला सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं.

आत्या : गेलं होतं, ऑगस्टात. तेव्हा सोयाबीन कोणाच्या घरात होतं? कास्तकाराचं तर वावरात हिरवं उभं होतं. त्याच महिन्यात सरकारनं बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायले मोकळीक देली. आपला माल निघाला तवरक भाव निम्म्यावर आला. चांगलं साल ज्याच्या गोदामात माल होता त्याचं झालं, बाप्पा.

भाचा : आणि 2024?

आत्या : तू शिकलेला आहे, तूच मांड. हमीभाव होता 4,892. त्याचा माल गेला 4,200 नं. एकरी पाच पोते धर, तीस क्विंटल.

भाचा : क्विंटलमागं 692 कमी. तीस क्विंटलचे 20,760.

आत्या : अन् त्याच साली, 5 ऑक्टोबरले, पंतप्रधान आपल्याच जिल्ह्यात आले. पोहरादेवीले दर्शन झालं, अन् किसान सन्मानचा अठरावा हप्ता इथूनच सुटला. केंद्राचे वर्षाचे सहा हजार, राज्याचे सहा हजार. बारा हजार आले अन् वीस हजार गेले. आता सांग, त्यानं कोणती उधळपट्टी केली?

भाच्यानं आकडे पुन्हा तपासले. ते बरोबर होते. इथं थांबून एक सांगायला हवं. काटकसरीवरची बहुतेक पुस्तकं पगारदार माणसासाठी लिहिलेली असतात. त्यांच्या पहिल्या पानावरच महिन्याचं उत्पन्न नावाचा रकाना असतो, आणि कोरडवाहू कास्तकार त्या पहिल्याच रकान्यात अडकतो. म्हणून त्याला हिशेब येत नाही असं मात्र नाही. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या पैशांच्या बारीक नोंदी ठेवून केलेला एक मोठा अभ्यास 2009 मध्ये पुस्तकरूपानं आला. त्यात प्रत्येक घर काही ना काही साठवत होतं आणि त्याच वेळी कर्जातही होतं. पैसा कमी असणं हे त्यांच्या अडचणीचं एकमेव कारण नव्हतं. तो कधी येईल आणि किती येईल याचा भरवसा नसणं हेही मोठं कारण होतं.

पण भाचा गप्प बसणारा नव्हता, आणि त्याच्या पुढच्या बोलण्यात वजन होतं.

भाचा : भाव त्याच्या हातात नाही, मान्य. मंडप तर त्याच्या हातात आहे? ज्याची मिळकत इतकी बेभरवशाची, त्यानं तर डीजे आणि हजार माणसांचं जेवण मुळीच करू नये. आत्या, मी लहान असताना मार्च महिना कसा जायचा ठाऊक आहे ना? 31 मार्चच्या आत सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचं म्हणून बाबा आठ-दहा दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे आणायचे. ज्याच्याकडून आणले त्याच्यासमोर पुढं वर्षभर मान खाली. मी पैसे साठवतो ते श्रीमंत व्हायला नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून सरकारी नोकरीत लागलेल्या आम्हा लोकांना जुनी पेन्शन नाही. म्हातारपणी मला कोणापुढं हात पसरायचा नाही. एवढीच माझी इच्छा आहे.

आत्या : ते चांगलंच आहे. त्याले कोण नाव ठेवते?

भाचा : मग त्यालाही तेच सांगू दे. गाडगेबाबा याच वऱ्हाडातले. कर्ज काढून लग्न करू नका, जेवणावळी घालू नका, पोरं शिकवा, असं कीर्तनातून गावोगाव सांगितलं त्यांनी. ते काय गरिबांचे वैरी होते?

कास्तकार उधळ्या आहे म्हणून कर्जात आहे, हा आरोप जुना आहे. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, पुणे आणि नगर जिल्ह्यांत दंगे पसरले, आणि इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला. वऱ्हाड त्यात नव्हतं, पण प्रश्न हाच होता. आयोगानं लग्नकार्याच्या खर्चाचा हिशेब पाहिला आणि लिहिलं की या खर्चाला उगाच जास्त महत्त्व दिलं गेलं आहे. तो कर्जात भर घालतो, पण कर्जाचं मूळ क्वचितच असतो. पुढं 1883 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात त्यांनी सारा, अंमलदार, सावकार आणि जन्मापासून मरणापर्यंत दक्षिणा घेणारे भट या सगळ्यांकडं बोट दाखवलं. म्हणजे खर्चाकडं डोळेझाक त्यांनीही केली नाही. फक्त घेणारा कोण, हे आधी विचारलं. माझ्या मते भाच्यानं आणि आत्यानं, दोघांनीही हे पुस्तक जवळ ठेवावं.

आत्या : गाडगेबाबा वैरी नव्हते. पण त्यायनं सांगितलं कोणाले? कीर्तनाले बसलेल्या हजार लोकायले, सगळ्यायले सारखं. दारात मदत मांगायले आलेल्याले उभं ठेवून नाई सांगितलं. अन् अंगावर चिंध्या घालून जे लाखो रुपये जमवले, त्याचं काय केलं? पंढरपूर, नाशिक, आळंदीले धर्मशाळा बांधल्या. घरच्यायसाठी काई नाई. त्यायच्या काटकसरीत अनोळखी माणसाले झोपायले जागा होती. तुह्या काटकसरीत कोणाले जागा आहे?

भाचा : हे बरोबर नाही आत्या. मी संत नाही.

आत्या : नाई, अन् कोणी म्हणतबी नाई. पण मंग संताचं बोलणं अर्धंच उचलू नको.

भाचा : ठीक. मी त्याला पैसे देतो, पण विहिरीला देतो. विहिरीनं हरभऱ्याला पाणी मिळेल. जेवणावळीनं काय मिळणार?

आत्या : त्याच्या घरी आहेराची वही आहे. काढून पाय. वीस वर्षं त्याचे मायबाप गावातल्या दर लग्नात जेवले, पन्नास-शंभर रुपये लिहून आले. हे जेवण त्याच्यावर देणं आहे. पेरणीत बैलजोडी कोण देते? रात्री बाळंतीण अडली त गाडी कोण काढते? ज्यायच्या पंगतीले आपण बसलो ते. तुह्या बँकेत जशी ठेव, तशी त्याची गावात.

भाचा : आणि मोटरसायकल? मागितलेल्या लाखातले जवळपास साठ हजार मुलाकडच्यांना गाडी द्यायला आहेत. तीही गावातली ठेव?

यावर आत्या बराच वेळ बोलली नाही.

आत्या : मले हे सांगितलं नव्हतं त्यानं.

भाचा : म्हणून तर मी अट घालतो म्हणतो.

आत्या : गाडीले एक रुपया देऊ नको. तो हुंडा आहे, अन् 1961 पासून गुन्हा आहे. त्यानं विकत घेतली तरी पोरगी सुखी होईल असं नाई. एकदा मांगणारा पुन्हा मांगते. हे त्याच्या तोंडावर मी बोलीन. पण पंगतीच्या पैशाले विहिरीची अट घालू नको. आमच्या गटात बारा बाया आहेत. कर्ज मांगायले आली त कशाले पायजे हे आमी इचारतो, पण त्याच्यावर निकाल देत नाई. निकाल देतो तो दुसऱ्या गोष्टीवर, फेडशील कशी. एकीनं पोराच्या नामकरणाले पाच हजार घेतले, आमी देले. तिनं फेडले. आमचं काम तिले शहाणं करायचं नाई. तिनं सावकाराच्या दारात जाऊ नये, एवढंच.

इथपर्यंत आत्याचा मुद्दा मला पटतो, आणि तरी काहीतरी राहून जातं असं वाटत होतं. देणाऱ्यानं अट घालावी का, यावर दोघं बोलत राहिले. पण जे द्यायचं ते मुळात कोणाचं, हे कोणी विचारलंच नव्हतं. आत्यानं ते शेवटी विचारलं.

आत्या : महिन्याले वीस हजार बाजूले पडतात म्हणतं. ते कसे पडतात?

भाचा : कसे म्हणजे? बाहेरचं खाणं नाही, नवीन फोन नाही, घरी एकच गाडी.

आत्या : हे तुह्यं झालं. सूनबाईचं सांग. दूध किती घेता?

भाचा : अर्धा लिटर. मुलाला पुरतं.

आत्या : तिले?

भाचा : ती म्हणते मला आवडत नाही.

आत्या : संक्रांतीले आली होती तवा सुईत दोरा मले ओवून मांगत होती. पस्तिशीची पोरगी. चष्मा केला?

भाचा : पुढच्या महिन्यात करू म्हणाली. घाई नाही म्हणाली.

आत्या : ती तीन साल झाले हेच म्हणून रायली असंल. आवडत नाई, घाई नाई, मले काई नको. आमच्या पिढीनं हेच म्हटलं. घरात कमी पडलं की आधी कोणाच्या ताटातलं कमी होते, हे मले इचार. तू नियम केला, नियम चांगला आहे. पण पाळला तिनं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांमागं 54 जणींना रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत आणि सगळा दोष काटकसरीवर टाकता येणार नाही. पण घरखर्चाच्या वहीत वाचवलेलं दूध आणि पुढं ढकललेली तपासणी दोन्ही बचत म्हणून जमेला धरली जातात, आणि ती वही बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात असते. कर्जापासून दूर राहण्यासाठी पोट बांधणं मला समजतं. आपल्या मायबापांनी ते केलं म्हणून आपण शिकलो. बेचाळीस हजारांच्या घरात कोणी एकटीनंच पोट बांधावं, हे मला मान्य नाही.

भाचा : मग मी करू काय? लाख देऊ, की देऊ नको?

आत्या : मले काऊन इचारतं? घरी जा अन् तिले इचार. वहीसकट तिच्यासमोर बस. तिचा चष्मा, रक्ताची तपासणी, अर्धा लिटर दूध आणखी, हे आधी. मंग पंगतीले तीस-चाळीस हजार द्यायचे का, हे ती सांगीन. ती नाई म्हणाली त नाई. त्याले मी समजावीन, तो माह्याही भावाचाच पोरगा आहे.

माझा निकाल आत्याच्या बाजूनं आहे. मिळकतीपेक्षा कमी खर्चात राहणं चांगलंच. पगारदारानं ते करावं, आणि ज्याची मिळकतच बाजार ठरवतो त्याला त्यावरून तोलू नये. लग्नात हुंड्याला पैसे मागणाऱ्याला नाही म्हणावं, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि वाचकहो, या महिन्याचा पगार झाला की ठेव पावती करण्याआधी घरातल्या बाईची कोणती तपासणी, कोणतं औषध, कोणता चष्मा मागं राहिला आहे ते तिच्याकडून विचारून घ्या. ती “काही नाही” म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा. ते काम उरकूनच बँकेत जा.