अंशमात्र दोष

‘पाणी निर्मळ आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण पाण्याविषयी बोलत असतो की आपल्या दृष्टीच्या मर्यादेविषयी? प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल. परंतु बर्लिन शहरातील एक हकीकत ध्यानात घेतली, म्हणजे तो तसा नाही हे कळून येते.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील रसायनज्ञ पाण्यात तणनाशकांचा शोध घेत होते. हाती लागले ते क्लोफिब्रिक आम्ल. रक्तातील स्निग्धांश कमी करण्याकरिता रोगी जे औषध घेत, त्याचा देहाबाहेर पडणारा अवशेष. सांडपाण्यातून नदीत, नदीतून भूगर्भात आणि तेथून तो नळाच्या पाण्यातही उतरला होता.

अशा शोधाचे एक सुटसुटीत साधन कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी सिद्ध केले व १९९० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. केसासारख्या काचतंतूवर शोषक द्रव्याचा पातळ लेप द्यावयाचा व तो पाण्यात धरावयाचा. औषधाचे रेणू पाणी सोडून लेपाचा आश्रय घेतात. पुढे क्रोमॅटोग्राफच्या नळीत प्रत्येक द्रव्य आपापल्या गतीने चालते व घोळक्यातून वेगळे होते. अशा उपायांनी आज लिटरामागे काही नॅनोग्रॅम इतका अंशही ओळखता येतो. आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे शंभर कोटी लिटरांत एक ग्रॅम!

मग यात अपराधी कोण? रोग्याने औषध घेतले ते जगण्यासाठी, वैद्याने दिले ते कर्तव्य म्हणून. प्रत्येकाचा वाटा नगण्य, म्हणून प्रत्येक जण निर्दोष; तरीही पाणी पूर्वीचे राहिले नाही.

भित्रा म्हणतो, ‘आढळले, म्हणजे विष.’ आळशी म्हणतो, ‘इतके अल्प, म्हणजे शून्य.’ दोघेही विचाराचे कष्ट टाळतात. यंत्र सूक्ष्म झाल्याने पाणी अधिक गढूळ होत नाही, हे खरे. परंतु अल्प किती हे केवळ आपल्या देहाच्या मापाने ठरविणेही न्याय्य नव्हे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गुरांना मानवते. मात्र ते दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघडकीस आले आणि २००६ साली भारत सरकारने पशुवैद्यकातील त्याचा वापर बंद केला.

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहितात. ‘नाही’ असे लिहीत नाहीत. आपल्या सदसद्विवेकबुद्धीनेही एवढी नम्रता शिकावी. ज्ञान वाढल्याने दोष वाढतोच असे नाही. पण ‘ठाऊक नव्हते’ ही सबब मात्र उरत नाही. घरात उरलेले औषध मोरीत ओतताना यापुढे हात क्षणभर थबकला, तरी त्या रसायनज्ञांचे श्रम आपल्यापुरते सार्थकी लागले म्हणावयाचे.