जाणणें आणि जामीन राहणें

आमच्या शेजारीं टपालखात्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वय एकाहत्तर. वर्ष दीड वर्षापासून ते मोडी लिपि शिकत आहेत. गुरु कोण म्हणाल, तर हातांतला मोबाइल. सकाळीं चहा झाला, कीं त्या चिमुकल्या पडद्यावर कोणी तरी अक्षरांचीं वळणें काढून दाखवितो आणि हे त्याबरोबर पाटीवर गिरवितात. "तरुणपणींच शिकावयाची इच्छा होती," ते मला म्हणाले, "पण पोरासोरांच्या पंक्तीस बसावयाची लाज वाटली. याच्यापुढें दहा वेळां चुकलों तरी हा हंसत नाहीं."

हें न हंसणें मला क्षुल्लक वाटत नाहीं. आपल्याकडे शिकण्याचें वय एकदां सरलें, कीं पुढें अज्ञान झांकून ठेवणें हाच शिष्टाचार होऊन बसतो. रमाबाई रानडे यांनीं विवाहानंतर लिहिणें-वाचणें आरंभिलें, तेव्हां घरांतल्या बायकांकडून त्यांना काय काय ऐकून घ्यावें लागलें, हें त्यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद आहे. आणि त्यांना तर पतीचें पाठबळ होतें. जिला तें नव्हतें, तिची कथा लिहिलीच गेली नाहीं. १९८९ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें घरबसल्या शिकण्याची वाट पुष्कळांना खुली केली. मोबाइलनें दाराची कडीच काढून टाकली. तेव्हां यंत्रानें विद्या बुडाली असा गळा काढणारांत मी नाहीं. प्लेटोच्या 'फीड्रस' संवादांत एक मिसरी राजा लेखनकलेवरहि असाच आरोप करतो. आणि तो आपणांस ठाऊक आहे, तो प्लेटोनें लिहून ठेविला म्हणूनच!

अडचण निराळ्या ठिकाणीं आहे, व ती मला गेल्या दिवाळीनंतर उमगली. या गृहस्थांच्या घरीं पणजोबांच्या वेळचें एक मोडी खत आहे. मोडींत शब्द एकमेकांस चिकटलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पदें वाचणारानें संदर्भावरून तोडावयाचीं. त्यांचा सराव तेव्हां कच्चा होता. म्हणून त्यांनीं खताचें छायाचित्र घेऊन, प्रश्नांस उत्तरें देणारें जें कृत्रिम बुद्धीचें यंत्र २०२२ पासून घरोघर शिरलें आहे, त्यापुढें ठेविलें. क्षणार्धांत सुबोध मजकूर हातीं आला: पणजोबांनीं गांवांतल्या एका विधवेस शेताचा तुकडा दान दिला. दिवाळीस जमलेल्या आप्तांसमोर तो वाचला गेला, व कित्येकांचे डोळे पाणावले. पुढें माघांत, लिपि हातीं बसल्यावर, त्यांनीं तोच कागद भिंग घेऊन पुन्हां लाविला. कसरीनें खाल्लेल्या जागीं यंत्रानें पदरचे शब्द भरले होते. आणि शाई शाबूत होती तेथें स्पष्ट 'गहाण' होतें. पणजोबांनीं त्या बाईस शेत दिलें नव्हतें. तिचें शेत गहाण घेतलें होतें.

त्यांनीं प्रत्येक आप्तास पत्र लिहिलें, कीं 'मीं वाचलें तें चूक होतें.' मीं म्हटलें, "चूक यंत्राची, आपण ती आपल्याकडे कां घेतां?" ते म्हणाले, "वाचून मीं दाखविलें ना? पाकिटांत काय आहे हें आम्हांला ठाऊक नसे, पण वहीवर सही आमची असे."

'मला ठाऊक आहे' हें विधान म्हणजे नुसती माहितीची नोंद नव्हे. तो एक जामीन आहे. ग्रंथाची गोष्ट पाहा. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले. त्यांत चूक सांपडली तर खंड व पान दाखवून केतकरांशीं भांडतां येतें. छापील चूक जागच्या जागीं राहते, म्हणून शुद्धिपत्र तरी काढतां येतें. (आमच्या मासिकांचीं शुद्धिपत्रें वाचणारा मीच एकटा असेन, तो भाग वेगळा.) हें यंत्र सकाळीं मला एक सांगेल, सायंकाळीं तुम्हांस दुसरें. त्याचें शुद्धिपत्र कोण काढणार? म्हणून सारा जामीन शिकणाराच्या गळ्यांत येतो. आणि ज्याला पारख नाहीं तोच तर शिकावयास आलेला असतो!

अशा माणसास दोष द्यावा काय? पारख नव्हती याबद्दल देऊं नये, असें मला वाटतें. परंतु 'यंत्र असें म्हणतें' हे तीन शब्द उच्चारण्यास मोडी यावी लागत नाहीं. ते गाळले, कीं उसना माल स्वतःच्या नांवानें विकला जातो.

हें मी मोठ्या तोंडानें लिहीत आहें खरा. याच वर्षीं वर्गांत एका विद्यार्थिनीनें कान्टविषयीं प्रश्न विचारला. आदल्या रात्रीं यंत्राकडून मिळालेला एक दाखला मीं, जणुं माझ्या वाचनांतलाच, सांगून टाकला. दुसऱ्या दिवशीं ती ग्रंथालयांतून ग्रंथ घेऊन आली. "सर, हें कोणत्या पानावर आहे?" मीं पानें चाळण्याचें सोंग केलें, तास संपला. पुढच्या तासास मीं चूक कबूल केली, पण "माझा स्मरणदोष झाला असावा" अशा शब्दांत. स्मरणाचा तेथें कांहींच संबंध नव्हता. तिनें तें वहींत तसेंच उतरून घेतलें.