पिशवी

आमच्या माढा-माळशिरस भागात बाया दवाखान्याचं बोलायला लागल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पिशवी काढून टाकली." दाढ उपटल्याचं सांगावं इतक्या सरळ आवाजात. ऐकणारीही फार खोलात जात नाही. "किती खर्च आला?" एवढं विचारते आणि बोलणं पुन्हा ऊस, पाऊस, लग्नं यांच्याकडं वळतं. गर्भाशय हा शब्द ठाऊक सगळ्यांना असतो, पण तो पुस्तकातला. डॉक्टरसुद्धा समोर बाई बसली की पिशवीच म्हणतात.

माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द नव्हता. ती कूस म्हणायची. लेकरू झालं की कूस उजवली. पोटाचा खालचा भाग म्हणजे ओटीपोट. तुळजापूरला गेलं की देवीची ओटी भरायची, सासरी निघालेल्या लेकीची भरायची. देव असतो त्या खोलीला आपण गाभारा म्हणतो, त्यातही गर्भच आहे. ऐकायला हे सगळं छान वाटतं. पण त्याच आजीच्या बोलण्यात वांझ हाही शब्द होता. कावळा शिवला म्हणून बाईनं चार दिवस बाहेर बसायचं होतं आणि विधवेची ओटी कुणी भरत नव्हतं. म्हणजे कुशीला मान होता तो तिच्यातून येणाऱ्या लेकरापुरता. पिशवी या शब्दानं तोच हिशेब आडपडदा न ठेवता मांडला. पिशवी काहीतरी ठेवायला असते. दोन लेकरं झाली, नसबंदीचं ऑपरेशन झालं, आता पिशवी रिकामी. मग ठेवायची कशाला?

माझ्या धाकट्या चुलतीची पिशवी ३२ व्या वर्षी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्याकडं बोट दाखवून सांगितलं, सूज आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. आठ दिवसांत म्हैस विकली आणि ऑपरेशन झालं. पुढं वर्षभरात चुलतीच्या अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप उडाली. पंचेचाळिशीच्या आत ओसरीवर साधी घसरली तर मनगट मोडलं. "कामानं अंग झिजलंय," असं ती म्हणायची.

एकदा मी तिला विचारलं, "काकी, ऑपरेशनात काय काय काढलं?"

"काय म्हंजे? पिशवी."

"आणि अंडाशयं?"

"ते काय असतंय?"

ट्रंकेतले कागद काढले. दोन्ही अंडाशयंही काढली, असं त्यात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं. खाली चुलत्याची सही होती आणि चुलतीचा अंगठा.

मग एका दुपारी आम्ही दोघी माजघरात बसलो आणि मला जे माहीत होतं ते मी तिला सांगितलं. गर्भाशय म्हणजे उलट्या धरलेल्या लहानशा पेरूएवढं. साडेसात सेंटिमीटर लांब, वजन पन्नास-साठ ग्रॅम. पुढं लघवीची जागा, मागं आतडं, मधे हे. नऊ महिन्यांत तेच वाढून किलोभराचं होतं आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत आवरून जवळपास पहिल्यासारखं होतं. असं वाढणारं आणि आवरणारं स्नायूचं घर शरीरात दुसरं नाही. दोन्ही बाजूंना नळ्या आणि त्यांच्या टोकाशी बदामाएवढी अंडाशयं. दर महिन्याला बीज तयार होतं ते तिथं. त्याच अंडाशयांतून जो स्राव रक्तात जातो, त्यावर हाडांची ताकद, रक्तवाहिन्या, झोप असं बरंच काही अवलंबून असतं. आपल्याकडं साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमाराला ते काम हळूहळू थांबतं. अंडाशयं कापून काढली की ते एका दिवसात थांबतं. नुसतं गर्भाशय काढलं, तरी अंडाशयांचा रक्तपुरवठा कमी होऊन ती लवकर थकू शकतात. आणि पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं.

चुलती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढं समदं व्हतं व्हय त्यात? आन आमी पिशवी म्हणत व्हतो."

एका घरापुरतं हे असतं तर लिहिलं नसतं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. पाणी आलं तसा आमच्या जिल्ह्यात ऊस आला, उसामागं कारखाने आणि कारखान्यांमागं तोडणीच्या टोळ्या. दसरा-दिवाळी झाली की बीडकडची माणसं येतात आणि फडाजवळ कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते. दिवस बुडाला तर मुकादम खाडा लावतो, पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढावं लागतं. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही, कापड धुवायला पाणी नाही. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढली की दरमहाची कटकट जाईल, तर ती काय करेल?

२०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत सरकारनं माहिती दिली, की बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या काळात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय आधीच काढलेलं होतं. दुसऱ्या राज्यांतल्या अशाच प्रकारांवर २०१३ साली झालेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये निकाल दिला आणि गरज नसलेली ऑपरेशनं रोखण्याचे नियम सगळ्या राज्यांनी लागू करावेत असं सांगितलं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅन्सर झाला, मोठ्या गाठी झाल्या, औषधानं न थांबणारा रक्तस्राव झाला, तर हेच ऑपरेशन जीव वाचवतं. आणि फडातली एखादी बाई म्हणते, "मी मोकळी झाले, बरं झालं," तेव्हा ती खोटं बोलत नाही. तिचं शरीर, तिचा निर्णय, आपण कोण सांगणारे?

हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण निर्णय म्हणायचा तर दोन गोष्टी हव्यात. काय काढतायत ते माहीत हवं आणि न काढता जगायची वाट हवी. चुलतीजवळ पहिली गोष्ट नव्हती. तोडणीवाल्या बाईजवळ दोन्ही नसतात. मग सही असली काय, अंगठा असला काय. त्यात दोषी कोण हे शोधायला गेलं तर प्रत्येकाजवळ एक छोटं उत्तर असतं. डॉक्टर म्हणतो, बाईनंच मागितलं. मुकादम म्हणतो, खाडा सगळ्यांनाच आहे. कारखाना म्हणतो, करार मुकादमाशी आहे. आणि आम्ही शेतकरी म्हणतो, ऊस वेळेत गेला पाहिजे.

मला यात गप्प बसण्याचाही वाटा मोठा वाटतो. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. आज खटला होत नाही. दहावीच्या विज्ञानात प्रजननसंस्थेचा धडा आहे, आकृतीसकट. आमच्या ओळखीच्या एका शाळेत मात्र तो "घरी वाचा" म्हणून सोडून देतात. घरी तो कुणी वाचत नाही. त्या वर्गातल्या मुलींना अंडाशय हा शब्द पुन्हा भेटतो तो दवाखान्याच्या कागदावर, इंग्रजीत.

गाय भाकड झाली की आमच्याकडं काही जण तिला बाजार दाखवतात. काही जण दावणीला राहू देतात. दूध नसलं तरी ती घरची आहे, म्हणतात. बाईच्या शरीरातला अवयव तर तिचाच आहे, त्याचं काम लेकरांबरोबर संपलेलंही नाही. त्याला निदान एवढा न्याय मिळायला हवा.

दसऱ्यानंतर टोळ्या पुन्हा येतील. फडाजवळ पाण्याची टाकी, चार पत्र्यांचा आडोसा आणि पाळीच्या दोन दिवसांचा खाडा माफ, एवढं शेतकऱ्याला आणि कारखान्याला मिळून जमण्यासारखं आहे. टोळीतल्या बायांना आशाताईनं एक दुपार बसवून आकृती दाखवली तर खर्चही नाही. त्यानंतर एखादीनं समजून-उमजून ऑपरेशन करून घेतलं, तर तो तिचा निर्णय आहे असं मीही म्हणेन.