शिपायाचें पिस्तूल आणि शेजाऱ्याचा विश्वास

आमच्या एका वर्गमित्रानें तीस वर्षांपूर्वीं अमेरिकेंत बिऱ्हाड केलें. त्याचा मुलगा तेथेंच जन्मला, वाढला आणि शिक्षण संपतांच तेथील लष्करांत दाखल झाला. तो घरांत मराठी बोलतो, परंतु त्याला तें लिहितां येत नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं त्याचें जें पत्र आम्हांस आलें तें इंग्रजींत होतें. टेक्सस राज्यांतील फोर्ट हूड या छावणींतून त्याची बदली हवाई बेटांवर झाली होती. टेक्ससमध्यें असतां त्यानें रीतसर परवाना काढला होता व सुटीच्या दिवशीं गांवांत जातांना तो कोटाखालीं पिस्तूल बाळगीत असे. हवाईस उतरल्यावर त्याला कळलें कीं, तो परवाना येथें चालत नाहीं. बरोबर आणलेल्या पिस्तुलाची पांच दिवसांच्या आंत पोलिसांकडे नोंद करावयाची. आणि तें अंगावर बाळगण्याची इच्छा असेल, तर परगण्याच्या पोलीसप्रमुखाकडे नव्यानें अर्ज करावयाचा, शिक्षणाचा व नेमबाजीचा दाखला पुन्हां द्यावयाचा आणि वाट पाहावयाची. पत्राच्या शेवटीं त्यानें विचारलें होतें, "काका, तुम्ही नीतिशास्त्र शिकवितां म्हणून विचारतों. ज्या देशानें माझ्या हातीं यंत्रबंदूक दिली, त्याच देशाच्या एका बेटावर माझ्यावर एका पिस्तुलाइतकाही विश्वास कां ठेवला जात नाहीं?"

आमच्या घरांत विळीहून धारदार शस्त्र कधीं नव्हतें. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरींही तीच स्थिति असावी. त्यामुळें पत्र वाचून प्रथम मनांत आलें तें एवढेंच कीं, बाबा रे, सुटीच्या दिवशीं बाजारांत जावयाला पिस्तूल हवें कशाला? पण हें उत्तर नव्हे, हा आमचा पूर्वग्रह झाला. मुलानें पिस्तुलाविषयीं विचारलेंच नव्हतें. त्यानें विश्वासाविषयीं विचारलें होतें. माणसावर एका कामापुरता टाकलेला विश्वास दुसऱ्या कामाला लागू पडतो काय, आणि एका गांवीं मिळविलेला विश्वास त्याच्या सामानाबरोबर दुसऱ्या गांवीं जातो काय, असा तो प्रश्न आहे, आणि तो केवळ अमेरिकेचा नाहीं.

आधीं तेथील व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या घटनेंत १७९१ सालींच आला. पण तें अंगावर झांकून हिंडावें कीं नाहीं, याचे नियम प्रत्येक राज्यानें आपापले केले. व्हर्मोंटनें असा परवाना राज्य म्हणून कधीं मागितलाच नाहीं. २०२४ पर्यंत परवान्याची अट काढून टाकणाऱ्या राज्यांची संख्या, व्हर्मोंट धरून, २९ झाली. उरलेल्यांपैकीं कांहीं राज्यें शेजारच्या राज्याचा परवाना मानतात. कॅलिफोर्निया व हवाई यांसारखीं कोणाचाच मानीत नाहींत. मोटार हांकण्याचा परवाना जसा देशभर चालतो तसें येथें कांहीं नाहीं. त्यांत शिपायाचें घर कोणतें, हाही एक गुंताच आहे. १९६८ च्या संघीय कायद्यानें, नेमणुकीची छावणी ज्या राज्यांत तेथलाच शिपाई रहिवासी, असें पिस्तूल विकत घेण्यापुरतें ठरविलें. उलट २००३ च्या दुसऱ्या कायद्यानें, हुकुमावरून तो दुसरीकडे राहिला तरी कर देण्यापुरतें त्याचें मूळ राज्य सुटत नाहीं, असें सांगितलें. व्हर्जिनियाच्या कायद्यांत, राज्याबाहेर नेमणूक असलेल्या आपल्या शिपायानें मूळ गांवच्या न्यायालयांत अर्ज करावा, अशी सोय आहे. म्हणजे एकाच माणसाचें घर एका कायद्यानें पुढें नेलें, दुसऱ्यानें मागें ठेवलें आणि तिसऱ्यानें त्याच्यासाठीं दार उघडें ठेवलें! पोलिसांना मात्र २००४ च्या कायद्यानें, कांहीं अटींवर, सर्व राज्यांत झांकलेलें शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली, व २०१३ मध्यें लष्करी पोलिसांचाही त्यांत समावेश झाला. साधा शिपाई बाहेरच राहिला.

येथपर्यंत मुलाच्या तक्रारींत तथ्य आहे, असें आम्ही मोकळेपणानें म्हणतों. व्यापारी किंवा प्राध्यापक गांव बदलतो तो आपल्या मर्जीनें, नव्या गांवचे नियम पाहून. शिपायाला कोणी विचारीत नाहीं. सरकारनें एका हातानें त्याला बेटावर पाठवावें आणि दुसऱ्या हातानें, तूं येथला नव्हेस म्हणून रांगेबाहेर काढावें, हें न्यायाला धरून नाहीं. वास्तव्याची अट जेथें असेल तेथें बदलीचा हुकूम हाच वास्तव्याचा पुरावा धरला पाहिजे. अर्ज करण्याचा त्याचा अधिकार इतरांइतकाच आहे. परंतु त्याचें म्हणणें येथें थांबत नाहीं. इतरांइतकाच नव्हे, आपला अधिकार इतरांहून अधिक आहे, असें त्याच्या वाक्याचें खरें बळ आहे. आणि तेथेंच आमचा त्याचा मतभेद सुरू होतो.

देशानें त्याच्या हातीं यंत्रबंदूक दिली हें खरें. पण ती कशी दिली? ती शस्त्रागारांत कुलपांत असते. तिच्यावर क्रमांक असतो. सही करून ती बाहेर येते, सही करून परत जाते. सरावाच्या मैदानावर काडतुसें मोजून मिळतात. केव्हां झाडावयाची, कोणावर, आणि केव्हां थांबावयाचें, हें हुकुमानें ठरतें, व त्या हुकुमाची जबाबदारी वरच्यावर असते. लष्करानें विश्वास टाकला तो त्याच्या आज्ञाधारकपणावर. कोटाखालीं पिस्तूल घेऊन बाजारांत उभ्या असलेल्या माणसाजवळ हुकूम देणारा कोणी नसतो. गडबड झाली, कोणी ओरडलें, कोणी धांवला, तर चोर कोण आणि घाबरलेला बाप कोण, हें त्यानें एकट्यानें, दोन-चार क्षणांत ठरवावयाचें असतें. हा गुण अगदीं निराळा आहे. तो शिपायांत नसतो असें आमचें म्हणणें नाहीं. पुष्कळांत इतरांपेक्षां अधिक असेलही. पण गणवेश हा त्याचा दाखला नव्हे. गंमत अशी कीं, हें लष्कराला स्वतःला पुरतें ठाऊक आहे. खासगी पिस्तूल भरून अंगावर घेऊन हिंडण्यास छावणींत दीर्घकाळ मनाई होती. २०१५ मध्यें टेनेसी राज्यांतील चॅटनूगा येथें हल्ला होऊन चार मरीन सैनिक व एक खलाशी मारले गेले. त्यानंतर २०१६ सालीं संरक्षण खात्यानें नियम काढला, तोही असा कीं, वरिष्ठ अधिकाऱ्यानें अर्ज पाहून परवानगी द्यावी. म्हणजे ज्या विश्वासाची अपेक्षा हा मुलगा होनोलुलूच्या नागरिकांकडून करीत होता, तो त्याच्या कर्नलनेंही अर्जावांचून दिला नसता.

त्याच्याच जुन्या छावणीच्या वेशींवरील किलीन या गांवीं दोन प्रसंग घडले. ते आम्हांस कधीं एकमेकांपासून सोडवून पाहतां आले नाहींत. १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं तेथील एका उपाहारगृहांत एका माणसानें २३ जणांना गोळ्या घालून मारलें. सुझाना हप या बाई त्या वेळीं आपल्या आईबापांसह तेथें जेवत होत्या. त्यांचें पिस्तूल बाहेर गाडींत होतें. कारण तें पर्शींत झांकून नेणें तेव्हां टेक्ससमध्यें गुन्हा होता, आणि त्यांनीं कायदा पाळला होता. त्यांचे आईबाप दोघेही त्या दिवशीं मारले गेले. पुढें या बाईंनीं ठिकठिकाणीं साक्षी दिल्या. १९९५ सालीं टेक्ससनें परवान्याचा कायदा केला. त्या स्वतःही विधिमंडळांत निवडून गेल्या. त्यांच्यासमोर उभें राहून, पिस्तूल ही निव्वळ हौस आहे, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. पण १८ वर्षांनीं, ५ नोव्हेंबर २००९ रोजीं, त्याच फोर्ट हूड छावणींत १३ जण मारले गेले. आणि मारणारा लष्कराचा मेजर होता, मनोविकारांचा वैद्य होता, व त्याचें पिस्तूल गांवांतल्या दुकानांतून रीतसर विकत घेतलेलें होतें. मेलेल्यांच्या हातीं शस्त्र नव्हतें म्हणून इतके मेले, असें एक पक्ष म्हणतो. आणि मारणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता म्हणून कोणाला संशय आला नाहीं, असें दुसरा म्हणतो. दोघेही खरें बोलतात. पहिला प्रसंग कायद्याला लाज आणतो, दुसरा गणवेशाला.

आतां झांकण्याविषयीं. केंटकी व लुइझियाना या राज्यांनीं १८१३ सालींच झांकलेल्या शस्त्राला बंदी केली. कमरेला उघड लटकणारें शस्त्र मर्दाचें, लपविलेलें मारेकऱ्याचें, अशी त्या काळची समजूत होती. आज अमेरिकेंतही पुष्कळ ठिकाणीं उलट आहे. कोणी पिस्तूल उघड लटकावून दुकानांत शिरला तर मुलें आईला बिलगतात. झांकलें असलें तर सभ्यपणा मानला जातो. टेक्ससनें झांकून नेण्याचा परवाना आधीं दिला, आणि पिस्तूल उघड बाळगण्याची मुभा २०१६ मध्यें, वीस वर्षांनीं दिली. कोणती समजूत बरी, या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण एक गोष्ट उघड आहे: शस्त्र दिसत असेल तर शेजारी आपलें पाहून घेईल, रस्ता ओलांडील, दुकान सोडील. झांकलेलें असेल तर त्याला कळतच नाहीं, आणि जें कळत नाहीं त्याला तो संमति कशी देणार? ती संमति त्याच्या वतीनें कोणीतरी द्यावी लागते. परवान्यावर सही करणारा अधिकारी हें काम करतो. त्या माणसाला मीं पाहिलें आहे, त्याची चौकशी केली आहे, तूं निर्धास्त ऐस, असें तो शेजाऱ्याला सांगत असतो. म्हणून परवाना शस्त्रधाऱ्याच्या कौशल्याचें प्रशस्तिपत्र नसून त्याच्या शेजाऱ्याला दिलेला जामीन आहे, असें आम्ही समजतों. जामीन ज्याला दिला त्याच्यापुरता असतो. किलीनच्या दुकानदाराला दिलेला जामीन होनोलुलूच्या दुकानदारावर बंधनकारक कां व्हावा?

मात्र जामीन देणारा अधिकारी आपल्या लहरीनें वागूं लागला तर हा सगळा युक्तिवाद कोलमडतो. न्यूयॉर्क राज्यांत अर्जदारानें 'योग्य कारण' दाखवावें असा नियम शंभराहून अधिक वर्षें होता. हवाईंत 'अपवादात्मक प्रसंग' लागे, व खासगी पहारेकऱ्यांवांचून इतरांस परवाना क्वचितच मिळे. २३ जून २०२२ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही कारण विचारण्याची पद्धत रद्द केली. तूं कोण, हें विचारा. तुला कशाला हवें, हें विचारूं नका, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. या मुलाला आज निदान अर्ज तरी करतां येतो, तो त्या निकालामुळें. त्या निकालाचें आम्ही सर्वस्वीं स्वागत करीत नाहीं, पण त्याबद्दल हळहळतही नाहीं. आणि याचें कारण आमच्या इतिहासांत आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें या देशांत हिंदी माणसाला परवाना लागे, गोऱ्याला सूट असे. परवाना हा जामीन न राहतां मेहेरबानी झाली म्हणजे समाजाच्या मनाला काय होतें, हें आमच्या आजोबा-पणजोबांनीं पाहिलें. १९५९ चा आमचा कायदा कातडीचा रंग पाहत नाहीं; पण कारण विचारतो.

आम्ही मुलाला हें सर्व लिहिलें, त्याहून थोडें कमी कठोर शब्दांत. त्यांत आणखी एक गोष्ट लिहावी कीं नाहीं, याचा दोन दिवस विचार केला. २०२१ सालीं अमेरिकेंत बंदुकीच्या गोळीनें ४८,८३० माणसें मेलीं, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्या हातानें. शिपायांच्या आत्महत्यांतही बहुधा साधन हेंच असतें. परमुलखांत, आप्तांपासून दूर, रात्रीच्या वेळीं जवळ असलेलें शस्त्र कोणाकडे वळेल याची हमी कोणत्याच परवान्यावर लिहिलेली नसते. अखेर लिहिलें, आणि तूं सुखांत आहेस ना, तुझ्या इमारतींत कोण कोण राहतें, तुझी त्यांच्याशीं ओळख आहे काय, असेंही विचारलें.

उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. पिस्तुलाची नोंद पोलिसांकडे वेळेवर केली होती. अंगावर बाळगण्याचा अर्ज मात्र अद्याप भरावयाचा होता. यंत्रबंदुकीच्या बाबतींत माझें म्हणणें त्यास मान्य होतें, जामिनाच्या बाबतींत अर्धेंच, कारण, त्यानें लिहिलें, "काका, शेजाऱ्यांना माझी ओळख पटेपर्यंत दुसऱ्या बदलीचा हुकूम येतो. मग माझ्यासाठीं जामीन द्यावयाला उरतें कोण?" याचें उत्तर आम्हीं अजून लिहिलेलें नाहीं. शेजाऱ्यांपैकीं तिघांचीं नांवें त्यानें दिलीं होतीं. त्यांतले एक निवृत्त जपानी शिक्षक असून, रविवारीं त्याला आपल्या बागेंतल्या पपया आणून देतात.