निरर्थ-काव्यातील अर्थलोप : एक नैतिक प्रश्न

निरर्थ-काव्य हे स्वभावतःच निष्पाप असते, असे आपली समीक्षा सहसा गृहीत धरते. इंग्रजीत ‘नॉन्सेन्स व्हर्स’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार एडवर्ड लिअरच्या १८४६ सालच्या संग्रहापासून आणि पुढे लुइस कॅरलच्या लेखनातून प्रतिष्ठित झाला. छंद, यमक आणि व्याकरण काटेकोरपणे सांभाळायचे आणि अर्थ तेवढा स्थगित करायचा, ही त्याची रीत. जेथे अर्थ नाही तेथे विधान नाही. विधान नाही तेथे असत्य नाही. आणि म्हणून नैतिक जबाबदारीही नाही, असा यामागील युक्तिवाद आहे. तो तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडील कूटरचनेपासून हा प्रकार वेगळा करायला हवा. संतांच्या कूटांत किंवा भेदिक शाहिरीत अर्थ दडवलेला असतो, आणि तो उकलेल असे आश्वासन रचनेतच असते. निरर्थ-काव्य असे आश्वासन देत नाही. त्याच्या जवळ जाणारे मराठी उदाहरण म्हणजे विंदा करंदीकरांचे ‘एटू लोकांचा देश’ (१९६३). ‘एटू’ हा घडवलेला शब्द आहे. त्यावर आधी कोणाचा हक्क नव्हता. त्यामुळे त्याच्याशी खेळताना कोणाचे काही हिरावले जात नाही. येथे निष्पापतेचा दावा मान्य करायला हरकत नाही.

पण लिअर १८७३च्या अखेरीस हिंदुस्थानात आला आणि जुलै १८७४मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची ‘द कमरबंड’ ही कविता छापून आली. या कवितेतील विचित्र शब्द घडवलेले नाहीत, उचललेले आहेत : धोबी, खानसामा, चपराशी, आया. कवितेतली स्त्री धोब्यावर बसते, तिच्या कुंजाभोवती खानसामे वृक्षांसारखे वाढतात, सोनेरी परांचे चपराशी नदीत पोहतात आणि झाडांच्या शेंड्यांवर हिरव्या आया बसलेल्या असतात.

मुंबईतल्या इंग्रज वाचकाला हे शब्द परिचित होते. त्याला बहुधा नवख्या साहेबाच्या अज्ञानाची थट्टा येथे दिसली असेल. हीच कविता पुढे लंडनमध्ये ‘लाफेबल लिरिक्स’ या संग्रहात आली, तेव्हा तिथल्या बहुतेक वाचकांपुढे नुसता नाद उरला. तिसरा वाचक मात्र या दोन्ही वेळी कोणाच्या गणतीत नव्हता. जुन्नर-आंबेगाव परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ही कविता वाचली, तेव्हा तो मला भेटला. वर्ग आधी मनमोकळा हसला. मग एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, झाडावर आया बसली आहे, की ‘आया’ हा शब्द?”

माझ्या मते हा प्रश्नच या चर्चेचा गाभा आहे. शब्द बसला आहे, असे सांगून सुटता येत नाही; कारण निवडलेल्या या शब्दांत समानता आहे. ही सेवा करणाऱ्यांची नावे आहेत. ज्याची हाक कामापुरती, त्याचे नाव अर्थावाचून चालते! कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकातले भिंतीवरचे अंडे शब्दांवर हवा तो अर्थ लादते आणि प्रश्न फक्त धनी कोण एवढाच आहे, असे बजावते. अर्थलोपालाही हेच लागू पडते.

अर्थात, लिअरला वसाहतवादी ठरवून थांबणे हे वाचनाचे आळशीपण होईल. कवितेच्या शेवटी कमरबंद, म्हणजे कमरेला गुंडाळायचे साधे वस्त्र, राक्षस होऊन त्या स्त्रीला गिळतो. १८५७ला तेव्हा सतराच वर्षे झाली होती. अर्थ काढून घेतलेला शब्द भय होऊन परत येतो, असे या शेवटाचे वाचन करता येईल. संहितेला येथे कवीपेक्षा अधिक कळते.

याच्या उलट दिशेचा निरर्थ पाहायला दूर जावे लागत नाही. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावातच ते आहे. यात्रांच्या हंगामाआधी गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला तेथे येतात. तमाशाच्या बतावणीत आणि वगात सोंगाड्या वरिष्ठाचा हुकूम शब्दशः घेतो, चुकीचा ऐकतो, उलटा फिरवतो. येथे चाकर धन्याच्या भाषेतला अर्थ काढून घेतो. मात्र हेही हसणे निर्मळ नाही. त्यातले पुष्कळसे बायकांच्या अंगावर जाते. शिवाय ज्या जातींच्या कलावंतांना गावाने हसवण्याची मुभा दिली, त्यांना बरोबरीची जागा दिली नाही.

याच तालुक्यात आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. कथा अशी, की पैठणला ज्ञानदेवांच्या नावाची टवाळी झाली : नावात काय आहे, त्या रेड्याचेही नाव ज्ञानाच! टवाळी करणाऱ्यांना नाव रिकामे करायचे होते. कथेने रेड्याच्या मुखी वेद घालून ते भरून काढले. ज्याचा आवाज केवळ आवाज समजला जातो त्यालाही अर्थ आहे, हा तिचा दावा इतिहास म्हणून नव्हे, पण नीतीचा विचार म्हणून गंभीरपणे घेण्याजोगा आहे.

तेव्हा निरर्थाची नैतिक कसोटी अर्थ आहे की नाही, ही नसावी. ज्याचा शब्द रिकामा केला, त्याला त्या हसण्यात जागा आहे का, ही असावी. आयेला झाडावर बसवता आले, कारण ती ही कविता वाचणार नाही, हे गृहीत होते. ते गृहीतक आता उरलेले नाही. माझ्या वर्गातले हसू प्रश्नानंतर थांबले नाही. पण ते सावध झाले, आणि कविता आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचली.