माणूस नसलेला फोटो

अमरावतीहून पहाटे निघालं की परतवाड्यात नाश्ता, मग घाट, आणि ऊन चढायच्या आत चिखलदरा. भीमकुंड, देवी पॉइंट, गाविलगड, एक कप कॉफी, संध्याकाळी परत. अकोल्याची मंडळी अकोटमार्गे नरनाळ्याला जातात. मनाली-मसुरीला सुट्टी आणि पैसा दोन्ही लागतं; आपल्या वऱ्हाडाला हा एका दिवसाचा डोंगर पुरतो.

या दिवसाचे फोटो बघा. धुकं, दरी, सागाचं जंगल. फ्रेममध्ये चुकून कुणी आलं तर आपण थांबतो, तो माणूस जाऊ देतो आणि मग क्लिक करतो. खाली लिहितो, ‘अनटच्ड नेचर’.

पण मेळघाट कधीच बिनमाणसांचा नव्हता. कोरकू लोक इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. पुढे गाभा क्षेत्रातली गावं टप्प्याटप्प्याने हलवली गेली. त्यातली कितीतरी आज अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर वसलेली आहेत. म्हणजे आपल्या फोटोतली शांतता आपोआप आलेली नाही. कुणीतरी घर सोडलं, म्हणून ती आहे.

मग हे चूक झालं का? इतकं सोपं नाही. वाघाला निवांत जंगल लागतं, हे खरं. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या तीस वर्षं आपण वाचतोय. दवाखाना, शाळा, रस्ता जवळ असावा असं वाटून स्वतःहून खाली आलेली कुटुंबंही आहेत. कायदाही सांगतो की स्थलांतर स्वेच्छेनेच व्हावं. २००८मध्ये त्यासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपयांची तरतूद झाली होती.

प्रश्न त्या ‘स्वेच्छे’चा आहे. वर राहिलात तर डॉक्टर नाही, खाली आलात तर आहे, अशी निवड समोर ठेवली तर तिला मर्जी म्हणायचं की नाइलाज? आणि खाली आल्यावर दिलेला शब्द पाळला गेला नाही तर? जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत, ही तक्रार घेऊन पुनर्वसित गावकरी पुन्हा जंगलात शिरले. जानेवारी २०१९मध्ये केलपाणी भागात त्यांची वन कर्मचाऱ्यांशी चकमक झाली. दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत १८५१ साली सशस्त्र तुकडी शिरली ती तिथल्या मूळ रहिवाशांना हाकलायला. आज जग तिथं ‘अस्पर्श’ निसर्ग बघायला जातं.

पर्यटकाने गाव उठवलं नाही, त्यामुळे तो गुन्हेगार नाही. पण तो नामानिराळाही नाही. उठलेल्या गावाचा फायदा वाघाला झाला, तसा थोडा आपल्यालाही झाला. ज्याच्या त्यागावर आपला रविवार उभा आहे, त्याचं देणं फिटलं का, हे विचारणं आपल्याकडे लागतं. गेटवर भरलेल्या तिकिटात ते वसूल होत नाही.

म्हणून चिखलदऱ्याला जा, नरनाळ्याला जा. फक्त गाईडला वाघाबद्दल चार प्रश्न विचाराल, तेव्हा पाचवा हाही विचारा: इथं आधी कोणतं गाव होतं, आणि ते आता कसं आहे?